हिरवी माणसं

प्रफुल्ल मेश्रामला हेमांगीचं नाव आठवत नाहीये, हे त्या दालनातल्या चारशे माणसांपैकी एकट्या तिच्याच लक्षात आलं.

सोमवार होता. नागपूरच्या मिहानमधल्या 'ऊर्जस्व' कंपनीत दर सोमवारी सकाळी दहाला 'वर्तुळ' भरायचं. खुर्च्या नाहीत, टेबलं नाहीत. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि भिंतभर पसरलेल्या पडद्यावर आपापलं नाव शोधायचं. नावं तीन रंगांत असत. हिरवं म्हणजे माणूस निवांत, पिवळं म्हणजे ताणाखाली, लाल म्हणजे ताण सोसवेनासा झालेला. त्या सोमवारी प्रफुल्लला सलग शंभर दिवस हिरवं राहिल्याबद्दल बिल्ला मिळाला होता आणि तो आभार मानत होता.

"हे माझ्या एकट्याचं नाही. टीमचं आहे, तन्मयचं आहे. आणि हे सारं गणित जिनं मांडलं, जिला पहिल्या दिवशी इथलं कॉफीचं मशीन मीच चालवून दाखवलं होतं, ती आपली..."

तो थांबला. हेमांगी त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हसला. अनोळखी माणसाला वाट देताना हसावं, तसं.

"...आपली सगळ्यांची लाडकी," म्हणून त्यानं वेळ मारून नेली. टाळ्या पडल्या.

हेमांगी कोलते त्याला तेरा वर्षं ओळखत होती. वर्ध्याहून आलेली, मीटिंगमध्ये तोंड उघडायला घाबरणारी मुलगी होती ती तेव्हा. प्रफुल्लनं तिला काम शिकवलं, नाही म्हणायला शिकवलं, तिच्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांना सरबत वाटलं. तो तिचं नाव विसरेल, ही शक्यता तिच्या कुठल्याच गणितात बसत नव्हती.

ऊर्जस्वचं जे काही नाव झालं होतं, ते एका चकतीमुळे. आठ आण्याच्या नाण्याएवढी, दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, आठवड्यानं बदलायची. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. अंगावर काही संकट आलं, काम आलं, भीती आली, की मेंदूच्या हुकमावरून ती कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडते. त्यानं रक्तदाब टिकतो, साखर वाढते, माणूस तोंड द्यायला उभा राहतो. या द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश घामात उतरतो. चकतीत नेमके तेच रेणू पकडून ठेवणारा थर होता. दर दहा मिनिटांनी ती मोजणी करायची, हेमांगीनं लिहिलेलं सूत्र त्या मोजणीवरून ताणाचा अंक काढायचं, आणि अंकावरून रंग ठरायचा.

कल्पना चांगलीच होती. माणूस मोडायच्या आधी कळावं, त्याच्यावरचा भार काढून घ्यावा. पहिली दोन वर्षं तसं झालंही. मग कंपनीचा कारभार तन्मय सरदेशपांडेकडे आला. त्यानं रंगांना कामवाटपाची जोड दिली. हिरव्याला जागा आहे, त्याला आणखी काम. पिवळ्याला आहे तेवढं. लाल झालेल्याला 'वर्तुळात' सगळ्यांसमोर अतिशय मायेनं विचारलं जाई, "काय झालं? आम्ही काय करू शकतो तुझ्यासाठी?" तीनदा लाल झालं की नाव विश्रांती यादीत. मग कामं काढून घेतली जात, जागा पँट्रीजवळच्या कोपऱ्यात हलायची, आणि डबा खायला कुणी शेजारी बसेनासं व्हायचं. दोनेक महिन्यांत माणूस आपण होऊन राजीनामा द्यायचा. तन्मय कधी आवाज चढवत नसे. "आपल्यात सर-बिर कुणी नाही, आपण घरचे आहोत," असं म्हणायचा. लोक मात्र स्वच्छतागृहात जाऊन मनगटं गार पाण्याखाली धरायचे, डोळे मिटून श्वास मोजायचे, आणि पडद्यावर आपलं नाव हिरवं दिसलं की भिंतीला टेकायचे.

एकमेकांचे रंग सगळ्यांच्या फोनवर दिसायचेच; रंग घरीही दिसायचा. कंपनीनं घरच्यांसाठी एक ॲप दिलं होतं, म्हणजे आपलं माणूस कसं आहे ते त्यांनाही कळावं. हेमांगीची नऊ वर्षांची मुलगी गार्गी शाळेतून आली की आधी बाबाच्या फोनवर आईचा रंग बघायची.

त्या सोमवारी संध्याकाळी हेमांगी घरी आली, तेव्हा गार्गी दारातच घुटमळत होती.

"काय गं, काही सांगायचंय?"

"तू पिवळी आहेस. हिरवी झालीस की सांगते."

"आत्ता सांग."

गार्गीनं स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाबाकडे पाहिलं. अविनाश गणिताचा शिक्षक होता, बोलणं कमी. त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, "मला फळा दिसत नाही. एक महिना झाला."

"महिना? आणि तू बोलली नाहीस?"

"तू हिरवी झालीच नाहीस ना, आई."

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या हेमांगीनं प्रफुल्लची दहा महिन्यांची नोंद उघडली. तसा अधिकार तिला होता, पण आजवर एकेकट्या माणसाची नोंद तिनं कधी बघितली नव्हती. सूत्र तपासायला सरासरी पुरते.

निरोगी माणसाचा कॉर्टिसॉलचा आलेख एखाद्या डोंगराच्या कडेसारखा दिसतो. सकाळी जाग आली की अर्ध्या-पाऊण तासात तो सरळ वर चढतो आणि मग दिवसभर हळूहळू उतरत रात्री तळाला जातो. अंथरुणातून उठवतो तो हा चढ. प्रफुल्लचा ऑगस्टमधला आलेख तसाच होता, जरा जास्तच उंच. ऑक्टोबरमध्ये दिवसभर वरच राहिलेला. डिसेंबरात सकाळचं टोक बुजायला लागलं होतं. आणि मार्चपासून आलेख सपाट. सकाळ, दुपार, रात्र, तीच पातळी. ज्या दिवशी त्याच्या टीमचं काम आयत्या वेळी रद्द झालं आणि बाकीचे सगळे लाल झाले, त्या दिवशीही रेष हलली नव्हती.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. ताण फार काळ, न थांबता राहिला, की काही जणांच्या बाबतीत मेंदू हुकूम सोडणंच कमी करतो. ग्रंथी धड असते, पण तिला कुणी हाक मारत नाही. माणूस चालतो, बोलतो, काम उरकतो, पण संकटात उभं राहायला लागणारं जे आहे ते आत उरलेलं नसतं. बाहेरून तो शांत दिसतो. तिचं सूत्र फक्त किती वर गेलं ते बघत होतं. जे वर जातच नाही, ते त्याच्या लेखी निवांत.

तिनं सगळ्यांच्या नोंदी चाळणीतून काढल्या. चारशे बारा माणसांपैकी एकसष्ट जणांचे आलेख सपाट होते. एकसष्टच्या एकसष्ट हिरवे. आणि कंपनीतलं जवळपास निम्मं काम त्या एकसष्ट जणांच्या नावावर पडत होतं, कारण यंत्राला तिथेच जागा दिसत होती.

तन्मयनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"हेमांगी, हे मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की काही लोक सात-आठ महिन्यांत रुळतात. ही आपली सर्वोत्तम माणसं आहेत. आपण ग्राहकालाही तेच सांगतोय." त्यानं आपल्या पडद्यावर एक जुनं टिपण उघडलं आणि वाचून दाखवलं, "'सततच्या श्रमानंतर पातळी घटल्यास ते जुळवून घेतल्याचे लक्षण मानावे.' कुणी लिहिलंय हे?"

हेमांगीनंच लिहिलं होतं. पाच वर्षांपूर्वी, कॉलेजच्या तीस मुलांवर तीन आठवडे केलेल्या चाचणीवरून. तीन आठवड्यांपुरतं ते खरंही होतं.

"तन्मय, ते आठ महिन्यांना लागू नाही होत. हे लोक जुळवून घेत नाहीयेत, संपून राहिलेत."

"सव्वीस तारखेला प्रात्यक्षिक आहे," तो तितक्याच हळू म्हणाला. "राज्यभर मालवाहतूक करणारी कंपनी, तीस हजार ड्रायव्हर. ते झालं की आपण यावर नीट अभ्यास करू, तुझ्याच हाताखाली. आणि तुझी काळजी वाटते मला. या महिन्यात दोनदा लाल झालीस तू."

दाराबाहेर आल्यावर हेमांगीला कळलं, की आपण पाण्याचा ग्लास हातात घेऊनच बाहेर आलोय.

तिनं प्रफुल्लला गाठलं ते दुपारी, कँटीनमध्ये. तो ताटातलं एकेक संपवत होता. आधी सगळी भाजी, मग सगळा भात, मग कोरड्या पोळ्या.

"दादा, वरणात मीठ नाहीये."

"असं का?" तो म्हणाला. "मला आजकाल समजत नाही."

तिनं त्याला आलेख दाखवला. तिशीत असताना एखादी चूक सापडली की तो टेबलावर थाप मारायचा. आता त्यानं फोन उलटा करून तिच्याकडे सरकवला.

"कोणाकोणाला सांगितलं?"

"तन्मयला. दादा, आजच्या आज सुट्टी टाका. मी हातानं तुमचा रंग बदलते, डॉक्टरांना..."

"नको." त्याचा आवाज पहिल्यांदा जरा वर आला. "तसं करू नको, बाप्पा. त्या ठाकरेचं काय केलं यांनी, पाहिलं ना तू? पँट्रीपाशी बसवून ठेवला. रडून राहिला होता तो माणूस, अन् आपण डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर गेलो. मीसुद्धा गेलो. चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी, हेमांगी. इथून निघालो तर मला कोण घेणार?"

"तुम्हाला माझं नाव आठवलं."

"काय?"

"काही नाही."

"चौदा दिवस," तो म्हणाला. "सव्वीस तारीख होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. शब्द दे मला."

तिनं शब्द दिला. पुढे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, की तो शब्द आपण कुणासाठी पाळला? प्रफुल्लसाठी, हे खरं. पण तिसऱ्यांदा लाल होण्याची आपल्यालाही धास्ती होती, हेही खरं. हे दुसरं खरं तिनं कुणाला सांगितलं नाही.

*

नवव्या दिवशी, गुरुवारी, प्रफुल्ल अंगात ताप घेऊन कामावर आला. मे महिना, पारा सेहेचाळीसला टेकलेला. दुपारी अडीचला औषध आणायला म्हणून तो पार्किंगमध्ये गेला आणि गाडीच्या दाराला पाठ टेकून खाली बसला. त्याच्या शेजारून तिघं जण गेले. त्यांनी नंतर सांगितलं, की फोनवर पाहिलं तर तो हिरवा होता, म्हणून वाटलं सावलीला बसला असेल. चाळीस मिनिटांनी सुरक्षारक्षकानं त्याला हाक मारली, तेव्हा तो आडवा झाला.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत समजावलं. साधा विषाणूताप. असा ताप आला की शरीर एरवीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल सोडतं आणि रक्तदाब सावरून धरतं. यांच्या शरीरानं काही सोडलंच नाही. रक्तदाब घसरत गेला, त्यात ही उन्हाची वेळ. "औषध म्हणून आम्ही ते बाहेरून देतोय," त्या म्हणाल्या. "पण उशीर झालाय. मूत्रपिंडं बंद पडली आहेत."

प्रफुल्लची बायको संघमित्रा बाहेरच्या बाकावर बसली होती. सरकारी रुग्णालयात नर्स होती ती. ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या कपड्यांत. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर हिरवा ठिपका.

"अजून हिरवंच आहे बघ," ती म्हणाली.

हेमांगी तिच्याजवळ बसली. "वहिनी..."

"चार महिने झाले, हा माणूस घरी येतो आणि भिंतीकडे बघत बसतो. मुलाचा निकाल लागला तर म्हणे, बरं. मला वाटायचं, काहीतरी बिनसलंय. मग मी फोन उघडायची. हिरवा. म्हणायची, माझ्याच डोक्यात खूळ आहे." तिनं फोन पालथा मांडीवर ठेवला. "मी नर्स आहे, हेमांगी. दिवसाला पन्नास माणसांच्या मनगटावर बोटं ठेवते. घरच्या माणसाची तब्येत मोबाईलवर बघत होते."

 हेमांगी म्हणाली, "मला माहीत होतं, वहिनी. नऊ दिवसांपासून."

संघमित्रानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच सोसणं कठीण होतं. मग ती उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली आणि हेमांगी जाईपर्यंत वळली नाही.

शनिवारी सकाळी प्रफुल्ल गेला. दंडावरची चकती काढताना नर्सनं विचारलं, ही कंपनीला परत द्यायची असते का?

*

रविवारी दुपारी हेमांगी घरच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. सूत्र बदलायचे अधिकार तिच्याकडे अजून होते. तिनं नवा नियम लिहिला: सकाळचा चढ सलग तीस दिवस नसेल, तर माणूस निवांत धरायचा नाही, लाल धरायचा. बारा ओळींचं काम. तिनं ते तीनदा तपासलं आणि चालू करून टाकलं.

अविनाश मागे उभा होता. "विचार केलास?"

"आता साठ माणसं आहेत, अविनाश. उद्या त्यांच्यावर काम पडणार नाही, एवढंच बघायचंय मला."

"आणि तुझं?"

तिनं लॅपटॉप मिटला. बाहेरच्या खोलीत गार्गी नवा चष्मा लावून पुस्तक वाचत होती.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. नवं सूत्र चालू झालं, की यंत्र जुन्या नोंदीही नव्यानं तपासत असे. सोमवारी पहाटे त्यानं त्या साठ जणांचे मागचे सगळे दिवस पुन्हा मोजले आणि कुणाला नव्वद, कुणाला दीडशे दिवस लाल ठरवलं. तीनदा लाल म्हणजे विश्रांती यादी, हा नियम तिथेच बसलेला होता. आणि पन्नासाच्या वर दिवस लाल असेल त्याचं काय, यासाठी तन्मयनं कधीतरी आणखी एक नियम घालून ठेवला होता. हेमांगीला तो माहीतच नव्हता.

साडेनऊला ती पोचली, तेव्हा फाटकाबाहेर उन्हात माणसं उभी होती. कार्ड लावलं की दार लाल दिवा दाखवून बंदच राहत होतं. कुणी रडत होतं, कुणी घरी फोन लावत होतं, आणि घरच्यांच्या फोनवरही लाल ठिपका गेलेला होता. चाचणी विभागातली मीनल भोयर हेमांगीला पाहून तरातरा पुढे आली.

"तू केलंस ना हे?"

"मीनल, ऐक. तुझा आलेख मी पाहिलाय. प्रफुल्लदादाचा होता तसाच आहे. तुला विश्रांतीची..."

"तुला कोणी विचारलं होतं?" मीनलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजात चढही नव्हता. सपाट आवाजात ती म्हणत होती, "मी ठीक होती. कामं करून राहिली होती. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला आता कोणतं तोंड दाखवू? हिरवी होती मी. हिरवीच राहू द्यायचं होतं मला."

हेमांगीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. मीनल मागे सरली.

अकराच्या सुमाराला तन्मय खाली आला. बरोबर पँट्रीतली माणसं, मठ्ठ्याचे ग्लास घेऊन. त्यानं स्वतः एकेकाला ग्लास दिला. मग म्हणाला, "प्रफुल्लच्या जाण्यानं आपण सगळेच हादरलोय. त्या धक्क्यात एका सहकाऱ्याकडून चूक झाली. मी तिला दोष देत नाही. जुनं सूत्र परत लावलंय. ही नोंद मात्र झालीय, ती नुसती पुसता येत नाही. तेव्हा प्रत्येकानं एवढंच लिहून द्यायचं, की आजचा लाल रंग ही तांत्रिक चूक होती आणि मी ठणठणीत आहे. लगेच दार उघडेल."

"सही करू नका," हेमांगी म्हणाली. "तो गेला. असाच गेला तो, हिरवा असताना! तुमच्या सकाळी बघा एकदा. कोणाला भूक लागते? कोणाला शेवटचं हसू कधी आलं होतं, आठवतं?"

एकानं ग्लास संपवला आणि पँट्रीतल्या माणसाच्या हातात परत दिला. मग मीनलनं पुढे होऊन कागदावर सही केली. तिच्यामागे दुसरा, तिसरा. अर्ध्या तासात साठच्या साठ आत गेले. दार प्रत्येकाला हिरवा दिवा दाखवून उघडत होतं. उन्हात हेमांगी एकटी उरली. तिच्या कार्डानं ते दार पुन्हा कधी उघडलं नाही.

सव्वीस तारखेचं प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे पार पडलं.

*

हेमांगीनं पुष्कळ दारं ठोठावली. कामगार खात्यात तिला सांगितलं, की साठ जणांनी स्वतः लिहून दिलंय, तक्रार कोणाची घ्यायची? एका वर्तमानपत्रानं कंपनीची बाजू मागवली आणि मग बातमी आलीच नाही. ऊर्जस्वच्या वकिलाची नोटीस मात्र वेळेवर आली: नोंदी ही कंपनीची मालमत्ता आहे. अविनाश ती नोटीस दोनदा वाचून म्हणाला, "तू थांबावंस असं मला वाटतं." थोड्या वेळानं म्हणाला, "थांबू नकोस असंही वाटतं. यातलं बरोबर कोणतं, ते मला ठरवता येत नाहीये."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात संघमित्रा दारात आली. आत येऊन बसली नाही.

"त्यांची नोंद मी मागितली," ती म्हणाली. "वारस म्हणून. देत नव्हते. सात दिवस त्यांच्या दारात बसली, गणवेशात. शेवटी दिली." तिनं एक कागद पुढे धरला. "हे काय आहे ते मला नीट समजव. असं समजव, की मी दुसऱ्याला समजावू शकेन."

हेमांगीनं समजावलं. तासभर लागला. संघमित्रानं दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाली, "उद्यापासून त्या मालवाहतूक कंपनीच्या वाडीच्या डेपोत ड्रायव्हरांना चकत्या लावणार आहेत. सकाळी सातला. येशील?"

"वहिनी, तुम्ही मला माफ..."

"ते मला आत्ता विचारू नको," संघमित्रा म्हणाली. "येशील का, ते सांग."

अमरावती रस्त्यावरच्या त्या डेपोत दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक ड्रायव्हर रांगेत उभे होते. पुढे टेबलावर दोन तरुण तंत्रज्ञ चकत्यांचे खोके उघडून बसले होते. पर्यवेक्षकानं या दोघींना हटकलं, पण संघमित्राचा गणवेश बघून त्याला वाटलं, तपासणीसाठीच आल्या असतील, आणि तो बाजूला झाला.

दोघी रांगेच्या शेपटाशी गेल्या. संघमित्रानं कागद उघडला. "हे माझे मालक," ती म्हणाली. तिनं बोट ठेवून ऑगस्टचा चढ दाखवला, डिसेंबरातला उतार दाखवला, मार्चनंतरची सपाट रेष दाखवली. "इथे ते संपले. अन् हे यंत्र म्हणत होतं, माणूस मजेत आहे, याला अजून काम द्या. तुम्हाला काय देईल? अजून एक फेरी. न झोपता अजून एक फेरी. तुमची रेष सपाट झाली की हे तुम्हाला सगळ्यात चांगला ड्रायव्हर म्हणेल."

"खरं आहे का, ताई?" एकानं हेमांगीला विचारलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "ते सूत्र मीच लिहिलं होतं."

रांगेत कुजबुज झाली. काही जण आणखी जवळ आले. साठीला टेकलेला एक ड्रायव्हर, गुलाब नेवारे त्याचं नाव, कागद हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत राहिला. हेमांगी एक पाऊल पुढे सरकली. निदान इथे तरी.

"समजलं सारं," नेवारे म्हणाला. "बरोबर सांगून राहिल्या तुम्ही. तीस वर्षं गाडी चालवतो, असे लोक पाहिले मी. डोळे उघडे असतात अन् माणूस आत नसतो."

"मग लावू नका, काका."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. रांग दोन पावलं पुढे सरकली होती. "चकती नाही तर गाडी नाही, ताई. काल लिहून लावलं त्यांनी. गाडी नाही तर मी कोण?" तो पुढे झाला, बाही वर केली, आणि तंत्रज्ञानं त्याच्या काळ्याभोर, सुरकुतल्या दंडावर चकती दाबून बसवली. यंत्रानं एक बारीक आवाज केला. पडद्यावर त्याचं नाव आलं.

हेमांगी खाली बघत उभी राहिली. आता परत जायचं, एवढंच उरलं होतं.

नेवारे बाही खाली करत पुन्हा त्यांच्याजवळ आला.

"एक करता का?" तो संघमित्राला म्हणाला. "माझ्या घरवालीला फोन करा. ते ॲप देणार आहेत म्हणे घरी. तिला सांगा, त्या रंगावर भरवसा ठेवू नको. मी घरी आलो की माझ्याशी बोल म्हणा. मी धड बोललो नाही, तर ओढत दवाखान्यात ने. मी नाही म्हणीन, तरी ने. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. तुम्ही नर्स आहात, तुमचं ऐकेल."

संघमित्रानं खिशातून पेन काढलं. लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं नवऱ्याचा आलेख उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नंबर लिहून घेतला. नेवारेच्या मागचा माणूस चकती लावून आला आणि थांबला. "माझी आई आहे घरी," तो म्हणाला. "तिचा घ्या." त्याच्या मागचा म्हणाला, "माझ्या भावाचा घ्या, बायको नाही मला."

टेबलापुढची रांग संपत होती आणि या बाजूची वाढत होती. पर्यवेक्षक काय चाललंय ते बघायला येत होता. हेमांगीनं कागद तळहातावर सपाट धरला, आणि संघमित्रा भराभर लिहीत राहिली.